कोसदरीचा हिवाळी पाहुणा

कोसदरी राखीव क्षेत्रात 'मानद पक्षी मार्गदर्शक' व्हायचं असेल तर एक अर्ज भरावा लागतो. त्यात सतरा रकाने आहेत. अकरावा रकाना असा : 'श्रवणदोष : आहे / नाही. लागू नसेल ते खोडावे.' मी 'आहे' हा शब्द पट्टी लावून, दोन सरळ रेघांनी खोडला. त्या दोन रेघांनी पुढचे चार महिने माझं जे केलं, ते सांगायला बसलो आहे.

खोटं लिहायचा माझा हेतू नव्हता, हे आधीच सांगतो. बत्तीस वर्षं मी दूरध्वनी खात्यात नोकरी केली. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं यवतमाळच्या एक्सचेंजात, कानाला हेडफोन लावून. एका लाइनीवर वणीचा कोळशाचा ट्रकवाला आणि दुसरीवर पांढरकवड्याचा कापसाचा दलाल एकाच वेळी ओरडत असले, तरी कोण कोणाला काय म्हणतोय हे मी बिनचूक सांगत असे. अशा माणसाच्या कानाबद्दल सरकारने छापील कागदावर शंका घ्यावी, याचंच मला वाईट वाटलं होतं.

माझ्या बायकोचं, विमलचं, मत वेगळं होतं. पाच वर्षांपासून मला ऐकू येत नाही, असं ती म्हणे. माझं म्हणणं असं की ती स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून बोलते आणि भिंत मधे असते. टीव्हीचा आवाज मी मोठा ठेवतो, कारण हल्लीच्या टीव्हीत दम नाही. फोनवर मुलगी काय बोलते ते कळत नाही, कारण ती पुण्याला राहून भरभर बोलायला शिकली आहे. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक कारण होतं, आणि सगळी कारणं दुसऱ्याच्या बाजूची होती.

मार्गदर्शकाची जाहिरात पेपरात आली तेव्हा पहिला सल्ला शेजारच्या रामलालजींचा. रामलाल जयस्वाल यांचं हार्डवेअरचं दुकान आता मुलगा पाहतो. त्यामुळे रामलालजींकडे दिवसभर सल्ला भरपूर आणि गिऱ्हाईक कमी. त्यांनी मला खाकी शर्ट शिवायला सांगितला. अर्जावर 'माजी अधिकारी' लिहायला सांगितलं. मी अधिकारी नव्हतो, वरिष्ठ पर्यवेक्षक होतो, हे सांगितल्यावर ते म्हणाले की पाखरांना काय फरक पडतो. हे मला पटलं. शर्ट मी शिवला.

अर्जाला जोडायच्या कागदांमध्ये पोलीस पाटलाचा चारित्र्याचा दाखला होता. मी शहरात राहतो, शहरात पोलीस पाटील नसतो. हे वनखात्याच्या कार्यालयातल्या बाबूंना मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग चारित्र्य नाही असं लिहू का?" शेवटी लोहारा भागातल्या एका ओळखीच्या माणसाने नगरसेवकाचं पत्र मिळवून दिलं. ते चाललं, पण त्यावरचा शिक्का गोल हवा होता आणि होता चौकोनी. वैद्यकीय दाखला मात्र झटक्यात मिळाला. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय मारोतराव, कसं काय?" मी म्हणालो, "मजेत." त्यांनी सही केली. आता वाटतं, त्यांनी दुसरंच काही विचारलं असावं.

ओळखपत्र येईपर्यंत 'तात्पुरत्या स्वरूपात' काम सुरू करा, असं तोंडी सांगण्यात आलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला मी कोसदरी तलावाच्या फाटकाशी खाकी शर्टात उभा राहिलो. पाऊस नुकताच संपला होता. तलाव काठोकाठ, पलीकडे सागाचं रान, अलीकडे सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरं. अकरा जण आले होते. त्यात रामलालजी होतेच. जिल्हा परिषदेच्या शाळेवरच्या अर्पिता कळंबे नावाच्या बाई वही घेऊन आल्या होत्या. आणि सोबतीला वनरक्षक अमरसिंग राठोड. हा जवळच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला हसू आलंय की पोटात दुखतंय हे कळत नसे.

दिसणाऱ्या पक्ष्यांत मी कच्चा नव्हतो. वंचक, पाणकावळा, शेकाट्या, खंड्या, वेडा राघू सगळे नीट दाखवले. पण अर्पिताबाईंना वेगळीच सवय होती. दर दहा पावलांवर त्या थांबत, बोट वर करत आणि विचारत, "काका, हा आवाज कोणाचा?"

मला आवाज येत नसे. आता मार्गदर्शकाने 'कोणता आवाज' असं विचारणं म्हणजे पोस्टमनने 'कोणतं पत्र' विचारण्यासारखं. म्हणून मी जरा कान देऊन ऐकल्यासारखं करी आणि म्हणे, "तो? तो काही विशेष नाही." त्या पहिल्या सकाळी मी आठ पक्षी 'काही विशेष नाही' म्हणून निकालात काढले. अर्पिताबाईंनी वहीत आठ वेळा तसं लिहून घेतलं.

तिसऱ्या रविवारी मी बाभळीखाली उभं राहून सांगत होतो की ऑक्टोबरच्या उन्हामुळे पक्षी सध्या अबोल असतात. सगळे माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होते. अमरसिंग तर माझ्या डोक्याच्या वर पाहत होता. मी बोलणं संपवलं, मंडळी पुढे गेली, आणि मी वर पाहिलं. हाताच्या अंतरावरच्या फांदीवर सुभग बसला होता. पिवळा, गोंडस, चिमणीएवढा. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. आणि आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज बंद करून कोणी गाणं लावावं, तसा तो माझ्यासमोर गात होता.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. सुभगाची शीळ मला पाठ होती. पूर्वी अंगणातल्या कडुनिंबावर तो यायचा. तो यायचा बंद झाला, असं मी किती तरी लोकांना सांगितलं होतं. झाडं तोडल्यामुळे, मोबाइलच्या टॉवरमुळे. तो येतच होता.

पण हे घरी कसं सांगणार? पाच वर्षं ज्या गोष्टीवर भांडलो ती एका पाखराच्या सांगण्यावरून मान्य करायची? मी एका दुपारी, बाजारात गर्दी कमी असताना, गळ्यात मफलर गुंडाळून कानाच्या मशीनच्या दुकानात शिरलो. दुकानातल्या तरुणाने कान तपासला, आलेख काढला आणि बारीक, उंच सुरातले आवाज मला जवळपास येतच नाहीत असं मोठ्याने सांगितलं. मग कानामागे बसणारं एक छोटंसं मशीन बसवून दिलं. कानात घालायला तात्पुरती रबरी गुंडी दिली. शेवटी मशीन पुन्हा काढून, हातात धरून, पुसत पुसत त्याने मला बऱ्याच सूचना दिल्या. मशीन त्याच्या हातात असल्यामुळे मला त्यातली एकही ऐकू आली नाही. मी मान हलवत राहिलो. पंधरा दिवसांनी कानाच्या मापाचा साचा करायला या, नाहीतर गुंडी सैल राहून मशीन शिट्टी वाजवेल, असं तो म्हणत होता हे मला दोन महिन्यांनी कळलं.

मशीन मी स्कूटरच्या डिक्कीत ठेवू लागलो. रविवारी फाटकाच्या मोठ्या फलकाआड जाऊन लावायचं, परतताना तिथेच काढायचं. विमल फिरायला येत नसे. रविवारी सकाळी आमच्याकडे नळ येतो, आणि नळ सोडून पक्षी पाहणारी बाई यवतमाळात नाही. मशीनमुळे माणसांचं बोलणं बरंच स्पष्ट झालं. दयाळ ऐकू आला, कोतवाल ऐकू आला. सुभग नाही आला, पण कोणाला सांगणार.

नोव्हेंबरच्या मध्यावर थंडी पडली. तलावावर चक्रवाक उतरले, काठावर धोबी आणि तुतारी दिसू लागले, आणि मी कपाटातून कानटोपी बाहेर काढली. लोकरीची, दोन्ही कान घट्ट झाकणारी. थंडीसाठी म्हणून चांगली, आणि मशीन झाकायला तर फारच चांगली.

त्या रविवारी पूर्वेकडच्या पाऊलवाटेवर अर्पिताबाई एकदम थांबल्या. बोट वर. सगळे थांबले. एकेकाच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटत गेलं. कोणीतरी म्हणालं की असा आवाज कधी ऐकला नाही. बारीक, लांब, एकाच सुरातली शीळ म्हणे, न थांबता.

मला ती शीळ ऐकू येत नव्हती. म्हणून मी पक्षीनिरीक्षक करतो तेच केलं. कानटोपीवरून तळहाताचा द्रोण करून कानामागे धरला.

"जवळ आला," अर्पिताबाई म्हणाल्या. "आता जवळ आला."

मी हात खाली घेतला. शीळ बारीक झाली म्हणे. पुन्हा हात लावला. पुन्हा मोठी झाली. रामलालजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "क्या बात है. तीन सूर लावते हा. खाली, वर, मंग खाली." अर्पिताबाईंना एकच सूर ऐकू येत होता, पण रामलालजी इतक्या खात्रीने बोलले की त्यांनी वहीत तीन लिहिले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की मला ऐकू येत नाही. चार शब्द. त्याऐवजी मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "हिवाळी पाहुणा दिसतो. उत्तरेकडचा."

यानंतर जे झालं त्याला माझा इलाज नव्हता, असं म्हणायची सोय नाही. मी जर गप्प बसलो असतो तर तो विषय तिथेच संपला असता. पण लोकांना ऐकू येणारा पक्षी मार्गदर्शकाला ऐकू येऊ नये, याचा अर्थ मशीन कमी पडतंय असा मी लावला आणि पुढच्या रविवारी त्याचा आवाज दोन खुणा वाढवला. पक्षी जास्त जोरात ओरडला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी वाढवला. डिसेंबर लागेपर्यंत पक्षी इतका धीट झाला होता की मंडळींच्या मधोमध येऊन ओरडे आणि तरी दिसत नसे. फक्त आवाजावर गर्दी वाढली. अकराचे सव्वीस झाले, सव्वीसचे चाळीस. दारव्ह्याहून एक कुटुंब गाडी करून आलं. एका स्थानिक पेपरने माझी मुलाखत घेतली. जी शीळ मी कधीच ऐकली नव्हती, तिचं वर्णन मी त्यात पंधरा ओळी केलं. 'काहीशी विरही' असा शब्द वापरल्याचं मला आजही आठवतं आणि आजही घाम येतो.

अमरसिंगने मात्र एकदा परतताना म्हटलं, "काका, हे पाखरू तुमच्याच मागं मागं येते. तुमी पुढं गेले का पुढं, तुमी मागं राह्यले का मागं."

मी त्याला समजावलं की काही माणसांची पक्ष्यांना भीती वाटत नाही. ते उपजत असतं. अमरसिंगने फक्त माझ्या कानटोपीकडे पाहिलं.

दुसरीकडे कार्यालय जागं झालं होतं. 'अनोळखी प्रजाती नोंद' असा एक नमुना असतो, तो तीन प्रतींत भरून द्यावा लागला. नर की मादी, या रकान्यात मी 'बहुधा नर' लिहिलं, कारण ओरडण्याचं सातत्य. घरटे, या रकान्यात 'शोध सुरू'. त्यावर तिथल्या साहेबांनी तातडीने एक आदेश काढला. पक्ष्याला त्रास होऊ नये म्हणून तलावाच्या पूर्वेकडची पाऊलवाट पुढील सूचनेपर्यंत बंद. फक्त मार्गदर्शकासोबतच्या निरीक्षकांना प्रवेश. तिथे पाटी लागली, बांबू आडवे बांधले गेले.

ती पाऊलवाट तांड्यावरच्या बायांची होती, हे मला माहीत असायला हवं होतं. तांड्यावरून पलीकडच्या वावरात जायला, गवत आणायला, कापूस वेचायला त्या रोज तिथूनच जात. आता त्यांना तलावाला पूर्ण वळसा पडला. जाताना अर्धा कोस, येताना डोक्यावर ओझं घेऊन अर्धा कोस. अमरसिंगची काकू सुखीबाई एका रविवारी फाटकाशी मला भेटली. डोक्यावर गवताचा भारा, कमरेवर हात. मी नुकतंच मशीन काढून डिक्कीत ठेवलं होतं. ती माझ्याशी बराच वेळ बोलली. हातवारे तलावाकडे, मग माझ्याकडे, मग आभाळाकडे. मला वाटलं, आपल्या तांड्याचं नाव पेपरात आलं म्हणून बाई भारावली आहे. मी हात जोडून म्हणालो, "अहो, माझं काही नाही, सगळी त्या पक्ष्याची कृपा." तिने भारा सावरला आणि ती निघून गेली. अमरसिंग बाजूलाच उभा होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा चेहरा वाचता आला, आणि त्यावर जे होतं ते हसू नव्हतं.

डिसेंबरच्या चौथ्या रविवारी अमरावतीहून डॉक्टर निकिता बेलसरे आल्या. पक्ष्यांच्या आवाजावर संशोधन करणाऱ्या, तिशीच्या, पायात गमबूट, गळ्यात हेडफोन, हातात लांब काठीला बांधलेला माइक. त्यांच्या स्वागताला कार्यालयातले साहेब स्वतः आले होते. पन्नासेक माणसं होती. रामलालजींनी पक्ष्याला 'कोसदरी बासरी' असं नाव सुचवणारा कागद खिशात आणला होता.

मी मशीन शेवटच्या खुणेवर नेलं, कानटोपी घट्ट ओढली आणि पुढे झालो.

पक्षी लगेच बोलला. बाईंनी माइक फिरवला, डाव्या हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. मग त्यांनी सगळ्यांना जागीच थांबवलं आणि मला एकट्याला बाभळीपर्यंत चालून यायला सांगितलं. मी गेलो, आलो. मग पळसापर्यंत. गेलो, आलो. मला वाटलं, पक्ष्याचा माझ्यावरचा विश्वास मोजला जातोय. त्या जवळ आल्या आणि काहीतरी हळू म्हणाल्या. मी म्हणालो, "काय?" त्या पुन्हा म्हणाल्या. मी हाताचा द्रोण कानामागे धरला. त्यांनी दचकून कानांवर चढवलेले हेडफोन बाजूला केले, खिशातली वही काढली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि पान माझ्यासमोर धरलं.

'काका, पक्षी तुमच्या उजव्या कानात आहे.'

मी ते दोनदा वाचलं. त्यांनी पडद्यावरची रेघ दाखवली. पाखराच्या शिळेची रेघ वरखाली होते, थरथरते. ही पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ होती. मग त्यांनी खाली आणखी लिहिलं : 'माझ्या आजोबांचंही असंच वाजायचं. गुंडी सैल आहे. टोपीने, हाताने जास्त वाजतं.' आणि त्याखाली : 'माझा अहवाल मी संध्याकाळी पाठवेन. तुम्हाला आधी सांगायचं असेल तर सांगा.'

त्या बाईंनी माझी लाज राखली, हे मी विसरणार नाही. पाठ माझ्याकडे करून त्या पिशवीतलं काहीतरी उगाच शोधत राहिल्या.

मी तिथे उभा राहून काय विचार केला तेही सांगतो, लपवून काय उपयोग. पहिला विचार असा आला की मशीन खिशात टाकावं. पक्षी गप्प होईल. हिवाळी पाहुणे जातातच. बाईंच्या हातापाया पडून 'निष्कर्ष नाही' असं लिहून घ्यावं. मी एक छानसं निरोपाचं टिपण लिहीन, पेपर छापेल. माझं ओळखपत्र येईल. पाऊलवाटेचा आदेश पुढील सूचनेपर्यंत होता, पुढील सूचना कधीतरी निघालीच असती. मला सरकारी खात्याचा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. पुढील सूचना निघत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

आणि समोर तलावाच्या पलीकडच्या काठावरून बाया चालल्या होत्या. एकामागे एक, डोक्यावर ओझी, वळसा घालून. इतक्या लांबून चेहरे दिसत नव्हते. मी दुर्बीण लावली नाही.

मी परत मंडळींपाशी गेलो, सगळ्यांसमोर कानटोपी काढली, मशीन सगळ्यांना दिसेल असं डोकं फिरवलं आणि कानावर हात धरला. मला काही ऐकू आलं नाही, पण पन्नास चेहऱ्यांवरून कळलं की वाजतंय. हात काढला. पुन्हा धरला. मग म्हणालो, "मला ऐकू येत नाही. गेली पाच वर्षं येत नाही. हा पक्षी माझाच आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अर्पिताबाई वहीची पानं मागे मागे उलटत गेल्या आणि कुठल्या तरी पानावर थांबल्या. साहेबांनी विचारलं की अर्जात काय लिहिलं होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, लेखी खुलासा द्या, सात दिवसांत. रामलालजींनी खिशातला कागद आणखी आत सारला आणि मोठ्याने जाहीर केलं की त्यांना पहिल्या दिवसापासून शंका होती, तो तिसरा सूर लोखंडी वाटत होता.

अमरसिंग पुढे आला. "साहेब, मंग पाटी काढू का?"

साहेब म्हणाले, आदेश रद्द झाल्याचा आदेश निघू दे. अमरसिंग म्हणाला, "हाव." आणि सगळ्यांसमोर बांबू सोडू लागला. मी त्याला दोरी धरायला मदत केली. तो मला नको म्हणाला नाही, हीच त्या दिवसाची कमाई.

घरी पोचलो तेव्हा विमल नळाचं पाणी भरून पायरीवर बसली होती. माझ्या आधी बातमी पोचली होती. रामलालजींची गाडी माझ्या स्कूटरपेक्षा वेगात जाते. मी मशीन हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो की तुला हे सांगायचं राहून गेलं.

तिला माहीत होतं. नोव्हेंबरातच तिने डिक्कीत मशीनची डबी पाहिली होती. एकदा तर त्यात पाणी गेलं असेल म्हणून उन्हात वाळवून परत ठेवली होती.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

ती म्हणाली, "वाट पाहून राह्यलती. म्हटलं आज घरी लावान, उद्या लावान." मग म्हणाली, "पाखराइचं आयकाले तुमी मशीन आणलं. माहं आयकाले काहून नाही लावलं?"

मशीन माझ्या हातात होतं, कानात नव्हतं. तरी हे वाक्य मला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. भिंत, टीव्ही, टॉवर, एकही कारण बाहेर येईना. मी पायरीवर तिच्या शेजारी बसलो आणि मशीन कानात घातलं. तिने माझ्या कानाशी कान आणला. मग म्हणाली, गुंडी खरंच वाजते, आधी ती बदलून आणा.

खुलासा मी सातव्या दिवशी दिला, गोल शिक्क्यासह. कार्यालयाने नवीन अर्ज भरायला लावला. अकराव्या रकान्यात यावेळी मी 'नाही' खोडलं. जानेवारीत ओळखपत्र आलं. त्यावर फोटोखाली छापलं होतं : 'सोबत ऐकू येणारी एक व्यक्ती असणे बंधनकारक.' अर्पिताबाईंनी ती जागा स्वीकारली. आठ 'काही विशेष नाही' पक्ष्यांची नावं आता आम्ही दोघं मिळून भरतो आहोत. सहा सापडले. पाऊलवाट मोकळी आहे. सुखीबाई अजून माझ्याशी बोलत नाही, पण परवा जाताना तिने वाटेतून बाजूला हो असं हाताने खुणावलं. बोलून उपयोग नाही, हे बहुतेक तिला अमरसिंगने सांगितलं असावं.

आता रामलालजींचं.

साच्यासाठी मशीन चार दिवस दुकानात दिलं होतं. तेव्हाच एका दुपारी रामलालजी आले. इकडेतिकडे पाहून ओसरीवर माझ्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले. ओठ हलले. मी म्हणालो, मोठ्याने बोला, आज मशीन नाही. त्यांनी कानाशी हात नेला आणि विचारलं, "काय?"

मी ओरडून सांगितलं. मग त्यांनी ओरडून सांगितलं. त्यांना तो पक्षी कधीच ऐकू आला नव्हता. पहिल्या रविवारी नाही, नंतरही नाही. सगळे ऐकत होते म्हणून त्यांनी डोळे मिटले होते, आणि डोळे मिटल्यावर काहीतरी बोलावं लागलं. तीन सूर त्यांनी मनातून लावले होते. त्यांना ते दुकान कुठे आहे ते हवं होतं. घरी माहीत नाही. मुलाला तर मुळीच कळायला नको, तो आधीच दुकानात बसू देत नाही.

हे सगळं मला एकदम कळलं असं नाही. तुकड्या-तुकड्याने, दोन-दोनदा, आवाज चढवत चढवत कळलं. मी पत्ता सांगितला, तो त्यांना कळेना. मी दुकानाचं नाव ओरडलो, त्यांनी ते परत ओरडून खात्री केली. शेवटी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मारोतराव, कोणाले सांगू नका."

मी म्हणालो, "काय?"

"कोणाले सांगू नका."

"काय नका?"

"सांगू नका. कोणाले."

फाटकाबाहेर भाजीचा गाडा थांबला होता. समोरच्या घराच्या गच्चीवर दोन बाया वाळत घातलेल्या वड्यांचं कापड तसंच सोडून कठड्याशी आल्या होत्या. रामलालजींच्या घराचं दार उघडं होतं आणि दारात त्यांचा मुलगा उभा होता. विमल आतून पाण्याचे पेले घेऊन आली आणि ते सगळं पाहून उंबऱ्यातच थांबली. रस्त्यावर अगदी शांत होतं. मग भाजीवाल्याने तोंडाशी हात धरला आणि मला समजेल असं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "काका, ते म्हणून राह्यले, कोणाले सांगू नका."

मी त्याच्याकडे पाहून मान हलवली. रामलालजींची त्याच्याकडे पाठ होती, त्यांना ते ऐकूच गेलं नव्हतं. मी मान हलवलेली पाहून त्यांना हायसं वाटलं. ते खुर्चीत मागे टेकले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बस. आपल्या दोघातच राहू द्या."